अकरा सेकंदांचे पाहुणे

चार लाख बारा हजार हा आकडा उज्ज्वला मानेला स्वतःच्या जन्मतारखेइतका पाठ होता. एवढी माणसं तिचे व्हिडिओ बघायची. एवढी माणसं अख्ख्या तासगाव तालुक्यात नव्हती. आणि २०३७ सालच्या मार्चमधल्या त्या सकाळी पडद्यावर लिहिलं होतं : कालचे प्रेक्षक सदतीस.

"सदतीस?" ती ओरडलीच. "सानिका, ए सानिका! इकडे ये आधी. माझे आकडे कुणीतरी पुसलेत."

सानिका म्हणजे तिची लेक, घरून सांगलीला ये-जा करणारी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती पोह्यांची बशी हातात घेऊनच आली, पडद्याकडे एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाली, "कुणी पुसलेले नाहीत. एवढेच आहेत."

"अगं, माझ्या लग्नात ह्याच्यापेक्षा जास्त माणसं चुकून जेवून गेली होती!"

"तुझ्या चॅनेलवर पण चुकूनच जेवत होती, आई. आता पट्टी आल्यापासून चुकून कुणी जेवत नाही, एवढंच."

पोरगी बोलली ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच उज्ज्वलाला झोंबलं, आणि तिनं पोह्यांत मीठ कमी पडल्याचा विषय काढला.

ह्या पट्टीची हकीकत आधी सांगायला हवी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मेंदूतल्या लहरींवर काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना एक साधीशी गोष्ट सापडली. माणूस काही शोधायला निघतो, तेव्हा मेंदू त्या वस्तूचं चित्र आधीच तयार ठेवतो. किल्ली शोधताना किल्लीचं, चष्मा शोधताना चष्म्याचं. ती वस्तू दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत एक बारीकशी लहर उठते आणि शोधाशोध थांबते. बाईंनी तिला 'सापडलं-लहर' असं घरगुती नाव दिलं होतं. पण माणूस काहीच न ठरवता व्हिडिओ बघत बसला, तर मेंदूपाशी चित्रच नसतं. मग लहर उठायची कशी? हे नको, पुढचं बघू, त्याच्या पुढचं बघू, असा शोध चालूच राहतो, आणि आपण काय शोधतोय हे शोधणाऱ्यालाच ठाऊक नसतं. तीन तासांनी उठतो तो मान अवघडली म्हणून.

बाईंनी ह्यावर कानामागे चिकटवायची, बोटाच्या पेराएवढी एक पट्टी तयार केली. व्हिडिओ लावला की ती कानात विचारायची, "कशासाठी?" उत्तर मोठ्यानं द्यायचं, कारण तोंडानं बोललं की मेंदूतलं चित्र पक्कं होतं. मग व्हिडिओ सुरू. हवं ते दिसलं, लहर उठली, की पडदा मंद व्हायचा आणि पट्टी म्हणायची, "झालं." आणखी बघायचंय? खुशाल बघा, बंदी कसलीच नाही, फक्त नवा हेतू सांगा. घरच्यांना फोन केला तर ती एक अक्षर विचारायची नाही, नुसत्या व्हिडिओंपुरतं तिचं राज्य. "पूजेला बसल्यावर गुरुजी आधी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडायला लावतात. कोण, कुठे, कशासाठी. मी यंत्राला तेवढंच शिकवलं," असं बाईंनी एका मुलाखतीत सांगितलं, आणि तिचं नाव संकल्पपट्टी पडलं. लोक नुसतं पट्टी म्हणायचे.

सक्ती कुणावर नव्हती. पण ज्यांनी पट्टी लावली त्यांना दिवसाचे तीन-तीन, चार-चार तास परत मिळायला लागले, आणि ते बघून शेजाऱ्यांनी लावली. दोन वर्षांत ती चष्म्यासारखी होऊन गेली.

आपल्याकडे मात्र सुरुवातीला एक भलतीच अडचण आली. आपण मराठी माणसं कशासाठी आलोय ते पहिल्या झटक्यात कधी सांगतो का? छे! दारात उभं राहून म्हणणार, "सहज आलो होतो." मग चहा होणार, पावसापाण्याचं होणार, कुणाच्या मुलीचं जमल्याचं होणार, आणि पायात चपला सरकवताना, "बरं, एक काम होतं." पट्टीला हे काही कळेना. "कशासाठी?" "सहज." "हेतू समजला नाही." "अगं, सहज म्हटलं ना!" "हेतू समजला नाही." पहिल्या आठवड्यात अर्धं तासगाव स्वतःच्या कानाशी भांडत होतं.

उज्ज्वलाचा नवरा प्रताप बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर होता. जेवण झालं की 'पाच मिनिटं' म्हणून तो मोबाइल घेऊन आडवा व्हायचा, तो संध्याकाळच्या पाळीलाच उठायचा. पट्टीशी तीन दिवस वाद घालून शेवटी तो हरला आणि म्हणाला, "मोरीतल्या नळाचा वॉशर कसा बदलायचा ते बघायचंय." चार मिनिटांत पट्टी म्हणाली, "झालं." आता पंचाईत अशी, की वॉशर बदलणं भाग पडलं. दीड वर्ष ठिबकणारा नळ त्या दिवशी बंद झाला. पुढच्या महिन्यात प्रताप समोरच्या घाटगेंबरोबर कॅरम खेळायला लागला, आणि एका दुपारी उज्ज्वलाजवळ बसून चक्क म्हणाला, "तुझ्या हाताचं काय म्हणाले गं मागच्या वेळी डॉक्टर?" हा प्रश्न विचारायला त्याला दोन वर्षं उशीर झाला होता, पण विचारला.

म्हणजे पट्टीनं घरात सगळ्यांचं भलं केलं, फक्त उज्ज्वलाच्या चॅनेलचे बारा वाजवले.

'उजूचा चहा' हे तिचं चॅनेल. रोज सकाळी अकराला ओट्यासमोर मोबाइल उभा करायचा, "काय मंडळी, चहा झाला का?" म्हणायचं, डावा हात उंच करून सगळ्यात वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढायचा, आणि आधण ठेवून वीस-बावीस मिनिटं बोलत सुटायचं. विषय लागत नसे. बोलण्यात ती पट्टीची होती, कुणाचीही हुबेहूब नक्कल करायची. वरच्या फळीवरचा डबा काढणं ही लोकांना तिची स्टाइल वाटायची.

ती स्टाइल नव्हती. सहा वर्षांपूर्वी उज्ज्वलाच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, काखेतल्याही गाठी काढल्या. एकोणीस दिवस ती तिथं होती आणि एकोणीसही दिवस तिच्या उशाशी छायावहिनी बसून होती, तिच्या दादाची बायको. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातात पाणी साठून हात सुजतो, तो रोज उंच करावा लागतो, हलक्या हातानं चोळावा लागतो. घरी आणल्यावर वहिनीनं पहिलं काम केलं ते चहाचा डबा वरच्या फळीवर ठेवण्याचं. "डाव्या हातानंच काढायचा. चहा पाहिजे ना? मग काढ," म्हणाली. उज्ज्वला रडली, चिडली, आणि महिन्याभरानं हात फळीला पोचला.

त्याच वहिनीशी गेली तीन वर्षं बोलणं नव्हतं.

ही करणी उज्ज्वलाची. दवाखान्यातल्या दिवसांवर तिनं एक व्हिडिओ केला. लोक हसावेत म्हणून त्यात सांगून बसली, की आमची वहिनी लिफ्टमध्ये शिरताना लिफ्टला नमस्कार करायची, उतरताना पुन्हा करायची. नक्कलही केली, पदर सावरून, डोळे मिटून. कुणीतरी तेवढाच तुकडा कापला, खाली 'लिफ्टवाली वहिनी' लिहिलं आणि सोडून दिला. नऊ लाख लोकांनी तो बघितला. त्यातला एकही जण तो बघायला म्हणून बसला नव्हता. आधीचा संपला आणि पुढचा आपोआप लागला, एवढंच. विट्यात वहिनीच्या गल्लीतली पोरं तिला बघून हात जोडायला लागली. भाजीवाला हात जोडायला लागला. वहिनी महिनाभर घराबाहेर पडली नाही.

दादाचा फोन आला होता तेव्हा. उज्ज्वला म्हणाली, "अरे, गमतीत बोलले रे! काढून टाकला ना व्हिडिओ, आणखी काय करू?" दादा म्हणाला, "काही करू नकोस." तो त्याचा शेवटचा फोन. तीन भाऊबिजा ताट तसंच झाकून ठेवून गेल्या. उज्ज्वला वरून म्हणायची, असू दे, माझी चार लाख माणसं आहेत. आता ती सदतीसवर आली होती आणि ताट आठवायला लागलं होतं.

"आई, रडगाणं नंतर. ही यादी तरी बघ," सानिकानं पडदा पुढे सरकवला.

यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक. कोणत्या क्रमांकानं किती वेळ बघितलं, पट्टी कोणत्या सेकंदाला 'झालं' म्हणाली, आणि ज्याची हरकत नसेल त्याचा हेतू. उज्ज्वला वाचायला लागली. क्रमांक तीन : इंदूरला असते, आपल्याकडची बोली कानावर पडावी म्हणून. क्रमांक आठ : हिचा आवाज ऐकला की माझी सासू औषध घेते. क्रमांक चोवीस : माझंही हेच ऑपरेशन झालंय, ही हसते कशी ते बघायला. उज्ज्वला थांबली, मागे गेली, पुन्हा वाचलं.

"अगं, ही माणसं मला बघायला येतात," ती हळूच म्हणाली.

"तेच तर सांगतेय मघापासून."

त्या दिवशी उज्ज्वलानं ठरवलं, चॅनेल बंद करायचं नाही. सदतीस तर सदतीस. ओसरीवर सदतीस माणसं बसलीत असं समजून बोलायचं. आणि खरं सांगते, ती बोललीही चांगली. आरडाओरडा कमी झाला, नकला कमी झाल्या.

फक्त एक क्रमांक तिला खुपत होता. एकोणीस.

क्रमांक एकोणीस रोज यायचा. रविवारसुद्धा चुकवायचा नाही. बाराच्या आत हजर. आणि बरोबर अकरा सेकंद बघून निघून जायचा. हेतूच्या जागी लिहिलेलं : स्वतःपुरता, म्हणजे बाहेर सांगायचा नाही.

"कसला हा माणूस?" उज्ज्वला करवादायची. "दारात येतो, डोकावतो आणि पळतो! माझं तोंड बघून विटतो की काय? विटतो तर रोज येतो कशाला मुडदा?"

"तो विटत नाही, आई. पट्टी 'झालं' म्हणते. त्याला जे हवं असतं ते त्याला अकराव्या सेकंदाला मिळतं."

"अकराव्या सेकंदाला मी काय देते कप्पाळ? अजून तर चहात साखरही पडलेली नसते."

 उज्ज्वलाच्या डोक्यात तो एकोणीस भुंग्यासारखा बसला.

मार्चचे दिवस. तासगावात बेदाणा आला होता, घरोघरी बायका काड्या निवडायला बसल्या होत्या. डॉक्टरांनी डाव्या हाताला एकसारखं काम नको म्हणून सांगितलेलं. पण घाटगेवहिनींनी आग्रह केला, चार बायकांत गप्पा होतील म्हणून उज्ज्वला गेली आणि तीन दिवस दोन्ही हातांनी काड्या खुडत बसली. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. वर उचलायला जावं तर खांद्यात कळ यायची.

लोकांना सुजलेला हात कशाला दाखवायचा? तिनं अंगावर शाल घेतली, डबा आधीच ओट्यावर काढून ठेवला आणि उजव्या हातानं चहा केला. अंग दुखत होतं, त्यामुळे जीभ जरा सैल सुटली.

"आमच्याकडे एक पाहुणे येतात, मंडळी," ती डोळे मिचकावत म्हणाली, "अकरा सेकंदांचे पाहुणे. येतात, दारात उभे राहतात, असा एक डोळा आत घालतात," आणि तिनं मान वाकडी करून हुबेहूब नक्कल केली, "आणि पसार! चहा नको, पाणी नको. अहो पाहुणे, चपला तरी काढा! वसुलीवाले आहात की मुलगी बघायला आलाय?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच हसू आलं. बऱ्याच दिवसांनी जुनी उजू सापडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं यादी उघडली. अकरा सेकंदांत एकोणीसनं टोमणा ऐकला नसणारच, कारण तो सातव्या मिनिटाला होता. पण एकोणीसच्या पुढे अकरा सेकंद नव्हतेच. तिथं होतं तेवीस मिनिटं. पूर्ण. आणि त्याखाली पुन्हा एकदा, तेवीस मिनिटं. 'झालं'च्या रकान्यात रेघ.

"सानिका!" ह्या वेळी ती ओरडली नाही, पण आवाज असा होता की पोरगी धावत आली.

सानिकानं ती ओळ दोनदा वाचली. "ह्याचा अर्थ सरळ आहे, आई. त्याला जे बघायचं होतं ते काल दिसलंच नाही. दिसेल, दिसेल म्हणून शेवटपर्यंत बसला. मग पुन्हा पहिल्यापासून शोधलं. तरी नाही दिसलं. काल तू वेगळं काय केलंस?"

"काही नाही. शाल घेतली."

"रोज अकराव्या सेकंदाला काय करतेस तू?"

उज्ज्वलानं जुना एक व्हिडिओ लावला. पट्टीनं विचारलं, "कशासाठी?" ती म्हणाली, "मी अकराव्या सेकंदाला काय करते ते बघायला." काय मंडळी, चहा झाला का. मान वळली. चार बांगड्या किणकिणल्या, डावा हात वर गेला, वर, आणखी वर, आणि बोटं डब्याला लागली.

"झालं," पट्टी म्हणाली.

उज्ज्वला खाली बसली. ओट्याला टेकून, फरशीवरच. तिचा डावा हात फळीपर्यंत पोचतो की नाही, हे बघायचं जगात कुणाला सुचेल? चार लाखांत कुणाला सुचलं असतं? एकच बाई. ज्या बाईनं डबा तिथं ठेवला होता ती. ती रोज कामाच्या घाईत अकरा सेकंद काढून तेवढंच बघून जात होती, आणि काल हात दिसला नाही म्हणून तेवीस मिनिटं दोनदा बसली होती. सातव्या मिनिटाला स्वतःची नक्कल बघत. दोनदा.

"अगं आई गं," उज्ज्वला म्हणाली. "मी पुन्हा तेच केलं गं."

लाज वाटली तिला, अंगावर काटा येईल अशी लाज वाटली. पण उज्ज्वला माने लाजून कोपऱ्यात बसणाऱ्यांतली नाही. पाच मिनिटांत ती उठली, तोंड धुतलं, साडी बदलली.

"बाबांना सांग, मी विट्याला चाललेय."

"बाबा सोडतील ना गाडीनं, थांब."

"नको. एसटीनं जाते. वाटेत काय बोलायचं ते मला एकटीला ठरवायचंय."

वाटेत ठरवलं तिनं, आणि विट्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत सगळं विसरूनही गेली.

दादाचं घर पुढे आणि मागच्या बाजूला यंत्रमागाची शेड. खटखट नेहमीसारखी चालू होती. दार वहिनीनंच उघडलं. केस पिकले होते. कानामागे पट्टी होती. दोघी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या.

"कशी काय आलीस?" वहिनी म्हणाली.

उज्ज्वलाच्या जिभेवर 'सहज' तयारच होतं. पन्नास वर्षांची सवय ती, अशी जाते होय? सहज आले होते, म्हणायचं. वहिनी चहा टाकेल, इकडचं तिकडचं निघेल, आणि निघताना बघू जमलं तर. तिनं तो शब्द गिळला.

"माफी मागायला आलेय, वहिनी," ती म्हणाली. "दुसरं काही काम नाही माझं. लिफ्टच्या गोष्टीची मागायचीय, आणि कालच्या पाहुण्यांचीपण."

 वहिनीनं उज्ज्वलाच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं, तिची नजर शालीखालून डोकावणाऱ्या बोटांवर होती. तिनं शाल बाजूला केली.

"बांगड्या कुठायत?"

"चढत नाहीत."

"बेदाणा निवडलास ना?"

उज्ज्वलानं मान हलवली.

"सांगितलं होतं ना गं तुला? अक्कल म्हणून नाही मेलीला! बस तिथं. उशी घे हाताखाली."

वहिनीनं तिचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यानं वरच्या दिशेनं हलका हलका चोळायला सुरुवात केली, दवाखान्यात शिकवलं होतं तसा. सहा वर्षांत तिचा हात काही विसरला नव्हता. 

"वहिनी, एकोणीस क्रमांक तुम्हीच ना?"

"कितवा ते मला काय माहीत. ही मेली रोज विचारते, कशासाठी. पहिल्या दिवशी म्हटलं, सहज. नाही म्हणाली. म्हटलं, अगं माझी नणंद आहे ती. तरी नाही. मग म्हटलं, तिचा हात वर जातोय का बघायचंय. तेव्हा कुठं लागला व्हिडिओ." वहिनीनं बोटं दाबून बघितली. "हात वर गेला की म्हणते झालं. मीपण म्हणते झालं, आणि भाकरी टाकायला जाते."

"आणि काल?"

"काल हात दिसेना. म्हटलं, शेवटी तरी काढेल शाल. नाही काढलीस. मग पुन्हा लावला."

"म्हणजे ते पाहुण्यांचं..."

"ऐकलं की. दोनदा." वहिनी हात चोळत राहिली. "दुसऱ्यांदा जरा कमी लागलं."

उज्ज्वला रडली. आवाज करून, नाक ओढत, लहान पोरीसारखी रडली. वहिनीनं तिला रडू दिलं, पण हात सोडला नाही.

"लिफ्टचं सांगते तुला," वहिनी मग आपणहून म्हणाली. "तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेजारच्या कॉटवरची बाई त्या लिफ्टनं वर गेली. तिची पोरगी माझ्याजवळ बसली होती. बाई काही परत खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी तुला त्याच लिफ्टमध्ये घातलं. मला काय येत होतं दुसरं? हात जोडले. म्हटलं, हिला परत खाली आण. तिनं आणलं. मग जाता येता जोडत राहिले." तिनं पुन्हा मनगटापासून वर चोळायला घेतलं. "नऊ लाख लोक हसले, उजू. त्याचं नाही मला काही. पण का करते ते तू तरी विचारायचंस. माझ्या शेजारीच तर असायचीस."

 "चुकलं माझं," एवढंच उज्ज्वला म्हणाली, आणि ह्या वेळी त्याच्यापुढे 'गमतीत' लावलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या मी हे सगळं व्हिडिओत सांगते. सगळ्यांना कळू दे."

"काही नको!" वहिनीचा हात थांबला. "तिथं माझं नाव पुन्हा घ्यायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. हे तुझं माझं आहे."

"बरं. नाही घेत."

"शपथ?"

"तुमची शपथ."

मागचं दार वाजलं. दादा आत आला, अंगावर सुताचा कापूस, पंच्यानं हात पुसत. बहिणीला बघून तो जागीच थांबला. बायकोच्या मांडीवरचा तो सुजलेला हात त्यानं बघितला, बायकोचा चेहरा बघितला.

"जेवून जा," तो म्हणाला आणि हात धुवायला मोरीकडे वळला. मोरीतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

दोन दिवसांत सूज उतरली. तिसऱ्या दिवशी अकराला उज्ज्वलानं ओट्यासमोर मोबाइल उभा केला. डबा पुन्हा वरच्या फळीवर गेला होता. "काय मंडळी, चहा झाला का?" म्हणून तिनं डावा हात उचलला आणि नेहमीपेक्षा जरा सावकाश, नीट दिसेल असा, वर नेला. वहिनीचं नाव घेतलं नाही. बेदाणा निवडताना हाताला काय होतं आणि काय काळजी घ्यायची, ते मात्र चोवीस क्रमांकासाठी नीट समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं यादी उघडली. एकूण प्रेक्षक छत्तीस. तिनं वरून खाली बोट फिरवलं. अठरा होता, वीस होता. एकोणीस नव्हता.  लागलं असेल का पुन्हा काही? दादा काही बोलला असेल का? ती पडद्याकडे बघत तशीच उभी राहिली. अकरा वाजायला आले तरी मोबाइल स्टँडवर लावायचं भान राहिलं नाही.

तेवढ्यात तो तिच्या हातातच वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर आधी विट्याच्या घराचं छत दिसलं, मग अर्धं कपाळ, मग पूर्ण चेहरा.

"हात दाखव," वहिनी म्हणाली.

उज्ज्वलानं मोबाइल ओट्यावर टेकवला आणि डावा हात उंच केला. बांगड्या कोपराकडे घसरल्या. वहिनीनं डोळे बारीक करून बघितलं, मान हलवली.

अकरा सेकंद झाले असतील. वहिनीनं फोन ठेवला नाही.